पाड्यावरचं विद्यार्थ्यांचं आरोग्य शिबिर: बोलवावं, पण सांगून-सवरून

नाशिकमधल्या एका आरोग्य-शिक्षण महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजना पथकाने पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर सात दिवसांचं निवासी शिबिर घेतलं. सकाळी श्रमदान, अकरापासून तपासणी, सगळं मोफत. आखणी आणि काम विद्यार्थ्यांचं, सर-मॅडम फक्त पाठीशी.

सगळ्यात चोख काम बीपीच्या टेबलावरचं. माणूस आला की लगेच पट्टा गुंडाळत नव्हते. पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं बसवायचे. नुकताच चहा किंवा तंबाखू झाली असेल तर अर्धा तास थांबवायचे. हात छातीच्या पातळीत यावा म्हणून खाली घडी घातलेली गोधडी. पोलक्याची घट्ट बाही वर सारली की तीच दंड आवळते आणि आकडा चुकतो. म्हणून आजीबाईंसाठी साडीचा आडोसा करून बाही काढायला लावत होते. सुकलेल्या दंडाला मोठा पट्टा लावला तर बीपी खरं आहे त्यापेक्षा कमी दिसतं, म्हणून लहान पट्टाही सोबत होता. एकेका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजणी, दोन्ही वेळा १४०/९० किंवा त्याहून वर आलं तर उपकेंद्राची चिठ्ठी. इतकी शिस्त भल्याभल्या दवाखान्यांत दिसत नाही.

शुगरच्या टेबलावर मात्र घोळ. स्ट्रिपची डबी उघडी पडलेली. हवेतला दमटपणा लागला की स्ट्रिप बिघडतात, म्हणून एक काढली की झाकण लगेच घट्ट लागलंच पाहिजे. बोटाला सॅनिटायझर चोळून ते ओलं असतानाच टोचत होते. द्राक्षबागेतून आलेल्या मजुराच्या बोटावर फळाचा रस राहिलेला असतो, त्याने शुगर उगाच जास्त येते आणि सॅनिटायझरने तो रस निघत नाही. साबण-पाण्याने हात धुवा, कोरडे पुसा, बोटाच्या कडेला टोचा. एक बादली आणि एक साबण एवढाच खर्च आहे हो.

सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची तपासणी ठेवली हे फार चांगलं, या पट्ट्यात ती हवीच. पण सोल्युबिलिटी या झटपट प्राथमिक चाचणीतून माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली रक्ताची चाचणी लागते. इथे कागदावर ‘पॉझिटिव्ह’ एवढंच लिहून हातात दिलं. अशा कागदाने मुलीचं लग्न मोडू शकतं. वाहकाला सहसा त्रास नसतो, दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे समोर बसवून समजावायला हवं होतं. आणि कागद द्यायचा तो पुढची चाचणी झाल्यावरच.

वेळही चुकली. द्राक्षाच्या हंगामात मजुरांच्या जीपगाड्या उजाडताच दिंडोरी-निफाडकडे निघतात. अकराला पाड्यावर उरतात म्हातारी माणसं आणि पोरं. कामाला जाणाऱ्या बायांचं हिमोग्लोबिन बघायचं तर संध्याकाळी सातनंतरच बसायला हवं.

या पथकाच्या कार्यक्रम अधिकारी मॅडमना विद्यापीठाचा उत्कृष्ट कार्यक्रम अधिकारी पुरस्कार मिळालेला आहे. सत्काराच्या फलकावर तपासलेल्या लोकांचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. त्यांचं खरं काम दिसतं ते शंभर पानी वहीत. चिठ्ठी दिलेल्या प्रत्येकाचं नाव, आकडा, उपकेंद्रात पोहोचला की नाही, आणि आशाताईंच्या वहीशी ताळा. तीन आठवड्यांनी चार विद्यार्थी एसटीने परत आले आणि न पोहोचलेल्यांच्या दारात गेले. बहुतेक शिबिरं इथेच कमी पडतात.

बोलवायचं असेल तर ग्रामपंचायतीच्या पत्रात तीन गोष्टी आधीच लिहून घ्या: तपासणी संध्याकाळी, सिकलसेलच्या पुढच्या चाचणीचा नमुना कुठे जाणार ते, आणि परत येण्याची तारीख. आठवडे बाजाराचा दिवस मात्र टाळा.