काळी गाडी, फुकटचा डेमो आणि माझे 16,350 रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, घरात तो तसाही रोज निघतोच: गाडीच्या ‘सिरॅमिक कोटिंग’च्या, म्हणजे रंगावर चढवायच्या संरक्षक थराच्या, नावाखाली गेलेले 16,350 रुपये. त्यातले 5,000 यूपीआयने, 9,500 रोख, 1,200 गाडीच्या ‘खालच्या कोटिंग’चे आणि 650 एका शाम्पूच्या बाटलीचे, जिला भांड्यांच्या साबणाचा वास येतो. पुढे ते निस्तरायला 6,500 आणखी. एकूण 22,850.

मी इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. गाडी तीन वर्षांची, काळी. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी गेटपाशी एक पोरगा कार्डं वाटत होता. मी बायकोला मराठीत हाक मारलेली ऐकली आणि तोही मराठीत सुरू झाला. ‘काका, माझी आजी रामबागेतलीच.’ इंदुरात दारावरचा माणूस मराठी बोलला की आपण विरघळतो. मी चहा टाकायला सांगितला.

फुकट डेमो, मग भीती, मग सूट, मग घाई. ही साखळी तुम्हाला ठाऊक आहे, मलाही होती. तरी अडकलो, कारण सुरुवातीला तो खोटं बोललाच नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून बॉनेटवरून फिरवायला लावला, खरखर लागली. ती खरीच होती. जवळ रेल्वे स्टेशन, रस्त्यावर ब्रेकची धूळ. लोखंडाचे बारीक कण रंगात रुतून बसतात आणि साबणाने हलत नाहीत. क्ले बार, म्हणजे मातीसारखा मऊ गोळा, फिरवला की निघतात. अर्ध्या बॉनेटवर क्ले मारला, तो काळा झालेला दाखवला. इथपर्यंत सगळं बरोबर.

आता तो क्षण, जो रात्री दोनला आठवतो. पेढ्याएवढा पिवळा गोळा. स्प्रेच्या बाटलीने दोनदा नुसतं फुस्स केलं, आत काही नव्हतं. तो तसाच घासत राहिला. ओल्या पत्र्यावर क्ले आवाज न करता सरकतो. हा चरचरत होता. मग गोळा निसटून पेव्हर ब्लॉकवर पडला. त्याने उचलला, पँटला पुसला, दुमडला आणि परत बॉनेटवर. बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती. म्हणाली, ‘अहो, खाली पडलेलंच घासतोय की हा!’ आणि मी म्हणालो, ‘त्याचं काम त्याला करू दे.’

खाली पडलेला क्ले फेकायचा असतो. त्यात रुतलेला वाळूचा एक कण पुरतो.

मग त्याने मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला. घासलेल्या अर्ध्या भागावर पांढुरकी झाक, ताकाचं पातेलं नुसतं विसळून ठेवल्यासारखी. ‘बघा काका, वरची घाण निघाली आणि आतला खराब क्लिअरकोट उघडा पडला. असंच सोडलं तर दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटतील.’ क्लिअरकोट म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर. माझ्या पोटात खड्डा पडला. ती झाक त्यानेच पाच मिनिटांपूर्वी पाडली होती! कोरड्या क्लेने पडलेले बारीक ओरखडे, दुसरं काही नाही. पांढऱ्या गाडीवर दिसलेही नसते. बॉनेटचा न घासलेला अर्धा भाग शेजारीच होता. तिथे टॉर्च धरा एवढं म्हणायचं होतं. तेवढंही म्हणालो नाही.

मी काही दूधखुळा नाही. 31 वर्षं सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होतो, कंत्राटदारांची मोजमापं तपासली. म्हणून तर पुढची गोष्ट जास्त झोंबते. तो म्हणाला, ‘9एच सिरॅमिक कोटिंग करू. हिरा 10, आपलं 9.’ अहो, 9एच ही पेन्सिल! शिशात ग्रॅफाइटबरोबर माती जितकी जास्त तितकी पेन्सिल कडक. बी कडून एचकडे जाणारं ते माप, चाचणीत वापरतात त्यातली सगळ्यात कडक ती 9एच. कोटिंगवर पेन्सिल ओढून ओरखडा उठतो का, एवढंच त्यात बघतात. हिऱ्याचा 10 मोजायची फूटपट्टीच वेगळी. टेबलाच्या खणात 2एच ते 6एचचा डबा अजून पडलेला आहे, आणि मी त्याच्यासमोर मान डोलावत होतो.

भाव 22,000 वरून 14,500 वर आला, ‘फक्त आज, दसऱ्याची ऑफर’. 5,000 यूपीआयने घेतले. नाव आलं कुठल्याशा बाईचं, कार्डावर वेगळंच. उरलेले रोख, म्हणजे 18 टक्के जीएसटी वाचेल. हिशोब करा: 2,610 रुपये. तेवढ्यासाठी मी बिल सोडलं. होय, हा माझा लोभ. पण तुमच्यापैकी किती जण हात वर करून सांगतील की त्यांनी कधीच असं केलं नाही?

संपूर्ण गाडी दोन तास चाळीस मिनिटांत झाली. ‘उद्या धुतली तरी चालेल.’ खऱ्या कोटिंगला आधी पॉलिश, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, मग एकेक पॅनेल, आणि नंतर काही दिवस साबण-पाण्यापासून लांब. दुसऱ्या दिवशी धुवा म्हणणाऱ्याला तिथेच गेटबाहेर काढा.

दसऱ्याला मात्र गाडी आरशासारखी. झेंडूच्या माळेसकट फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, ‘कुठे केलंत?’ विचारणाऱ्या मेहुण्याला नंबरही दिला. (त्याने फोन केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आळस कामी आला.) चार धुण्यांनंतर, रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्यांखाली, बॉनेट परत ताकाचं पातेलं. आणि आता झाक फक्त बॉनेटवर नाही, दारांवर, डिकीवर, सगळीकडे. फोन लावला तर ‘काका, बोअरचं पाणी वापरलंत ना? वॉरंटी गेली.’ नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, गाडी कशाने धुऊ? मग नंबर बंद.

पोलीस ठाण्यात गेलो. तिथले साहेब बाहेर आले, बोटाने बॉनेट पुसलं. ‘अंकल, चमक तो रही है. ये सिविल मामला है, यहाँ नहीं होगा.’ अर्जाची पोच मागितली तर म्हणाले, हवालदार जेवायला गेला आहे. पाऊण तास बसलो. हवालदार आला, म्हणाला पोच साहेब देतात. साहेब तोवर निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी ग्राहक हेल्पलाइन. बावीस मिनिटं गाणं ऐकलं, मग मुलीने विचारलं, ‘बिल नंबर?’ बिल नाही. ‘कंपनी का जीएसटी नंबर?’ तेच तर नाही हो! तक्रार नोंदली, आठवड्याने मेसेज आला की तिचं ‘समाधानकारक निराकरण’ झालं. कोणाचं समाधान? आमच्या शहरात ओला-सुका कचरा एकत्र टाकला तर लगेच विचारणा होते, पण पाच वर्षांचं खोटं वॉरंटी कार्ड वाटत फिरणाऱ्याला कोणीच विचारत नाही. आणि गंमत अशी की बिल न देणं हीच 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे जे नाही म्हणून मला परत पाठवलं, ते न देणं हाच गुन्हेगाराचा दोष! मी मागितलं नाही म्हणा. तरी.

शेवटी भाच्याने एका वर्कशॉपात नेलं. तिथल्या पोराने बॉनेटवर तळहाताएवढी जागा पाणी मिसळलेल्या अल्कोहोलने पुसली आणि झाक आणखी उठून दिसली. ‘काका, कोटिंग नाहीये. फिलरवालं ग्लेझ होतं, ओरखडे बुजवतं, धुण्यात निघतं.’ रंगाची जाडी मोजणारा मीटर लावून दाखवला, 112 ते 125 मायक्रॉन, म्हणजे ठणठणीत. पापुद्रे वगैरे सगळं थाप. मऊ फोमचा पॅड, बारीक फिनिशिंग पॉलिश, पॉलिश करायचं डीए (ड्युअल-ॲक्शन) मशीन. आधी एका चौकोनाभोवती टेप लावून दाखवलं, मी हो म्हटल्यावर पुढे. झाक गेली. 6,500, बिलासकट.

म्हणून काळी, निळी, मरून गाडीवाल्यांनो: क्लेनंतर झाक आली तर घाबरू नका, तो रोग नाही, ओरखडे आहेत, आणि हलक्या पॉलिशने जातात. कोटिंगच्या आधी अल्कोहोलने पुसून दाखवायला सांगा. यूपीआयवर दुसरंच नाव आलं तर पैसे परत खिशात. घरी क्ले करायचाच तर गाडी धुऊन, सावलीत, साबणाचं पाणी भरपूर, दाब अजिबात नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षं. पुरावा म्हणून 5,000 चा यूपीआय आहे आणि दसऱ्याचे फोटो. चंदेरी कार्ड, ‘9एच’ आणि ‘5 वर्षं’ सोनेरी अक्षरांत, पाठीमागे गणपती, असं आणखी कोणाकडे असेल तर जपून ठेवा आणि मला कळवा. एकट्याने तारखांना जायचा कंटाळा आहे, आणि बायको म्हणते ती येणार नाही.