मांडीच्या हाडाचं मेश: विटा की टेट?

नांदेड-लातूरकडच्या एम.टेक.च्या पोरांचा ठरलेला प्रश्न: "सर, सीटी मिळालाय. वॉक्सेल मेश करू का टेट?" मेश म्हणजे कॉम्प्युटरवर ताण मोजायला हाडाचे पाडलेले बारीक तुकडे; वॉक्सेल म्हणजे सीटीच्या चित्रातला छोटा घन, त्याची वीट होते; टेट म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा तुकडा. मी उलट विचारतो, स्लाइस (सीटीचा एक काप) किती मिलिमीटरची?

एकानं आणलेल्या सीडीत काप ५ मिलिमीटरचे निघाले. मांडीच्या हाडाचा गोळा साधारण ४५ ते ५० मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम दहा काप. थ्रीडी स्लायसर या सॉफ्टवेअरमध्ये तो बाजूनं बघितला तर भाकरीची चवड! यावर दोन्ही मेश वायाच. १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप मागा. मूळ डेटा मशीनवरून पुसला गेला नसेल तर सेंटरवाले पुन्हा काढून देऊ शकतात. म्हणून लवकर विचारा.

वॉक्सेल मेशचं काम सरळ आहे. हाडातल्या प्रत्येक घनाची आठ नोडची (गणिताच्या बिंदूंची) वीट करायची. पृष्ठभाग दुरुस्त करायची कटकट नाही. वीस पेशंट असतील तर हेच करा. हाड एकूण किती ताठ, हे त्यातून बरं कळतं. पण कडेला पायऱ्या पडतात आणि त्या कोपऱ्यांवरचा स्ट्रेस (ताण) खोटा असतो. वीट ३ मिलिमीटरची घेतली तर मानेजवळचं (गोळ्याखालच्या निमुळत्या भागाजवळचं) पातळ कठीण कवच आतल्या जाळीदार हाडात मिसळून जातं. १ मिलिमीटरची घेतली तर विटा २७ पट. रात्री सॉल्व्हर (हे सगळं गणित सोडवणारा प्रोग्रॅम) लावावा आणि लाइट जावी, हे आपल्याकडे होतंच.

टेटसाठी आधी मार्चिंग क्यूब्स या पद्धतीनं कापांवरून हाडाचा पृष्ठभाग काढायचा (पद्धत १९८७ची, अजून चालते), भोकं बुजवायची, गुळगुळीत करायचा, मग जीमेश किंवा टेटजेन या सॉफ्टवेअरनं आत टेट भरायचे. खरा वेळ इथंच जातो. गुळगुळीत करण्याचा हात जरा जास्त फिरला की मान बारीक होते, म्हणून तयार पृष्ठभाग मूळ कापांवर ठेवून बघाच. प्लेट, स्क्रू किंवा मानेच्या पृष्ठभागावरचा स्ट्रेस हवा असेल तर टेटच घ्या, तेही दहा नोडचे. चार नोडचा साधा टेट वाजवीपेक्षा ताठ वागतो. चित्र देखणं येतं, आकडे फसवतात.

घनतेचं काम दोन्ही मेशमध्ये टळत नाही. हाउन्सफिल्ड आकड्यावरून (सीटीतल्या उजळपणाच्या आकड्यावरून) घनता, घनतेवरून मॉड्युलस (पदार्थाचा ताठपणा). त्यासाठी स्कॅनमध्ये कॅलिब्रेशन फँटम (माहीत असलेल्या घनतेचा नमुना) असलेला बरा. सगळ्या हाडाला एकच मॉड्युलस देऊन मेश बारीक करत बसणारे मी पुष्कळ बघितलेत.

एकच हाड आणि सहा महिने हातात असतील, तर मी दहा नोडचे टेट घेईन, आणि तीन आकारांची मेश चालवून आकडा स्थिरावतो का ते बघेन.