ड्रायर गरम होत नाही? आधी पाइपाचं तोंड बघा (16 महिन्यांचा अनुभव)

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री साडेनऊला ड्रायरचं दार उघडलं आणि हाताला थंडगार, ओल्या चादरी लागल्या. ड्रम फिरला होता, वेळ संपल्याची शिट्टी झाली होती, पण गरम हवेचा पत्ता नव्हता. बाहेर तीन दिवस पाऊस लागून राहिलेला आणि कपाटात आप्पांसाठी एकच कोरडी चादर शिल्लक.

आप्पा म्हणजे माझे सासरे. अर्धांगवायूनंतर गेली दोन वर्षं अंथरुणावर आहेत. दिवसाला दोन-तीन चादरी, खालची छोटी चादर, टॉवेल, लुंग्या. मुलुंड पूर्वेला वन बीएचके. ऑक्टोबर ते मे ग्रिलमध्ये सगळं वाळतं. जूनपासून मात्र सिलिंगच्या दांड्यांवर पंख्याखाली दोन-दोन दिवस कपडे लटकतात, आणि वाळले तरी कुबट वास राहतो. अंथरुणावरच्या माणसाच्या पाठीखाली ओलसर चादर घालता येत नाही, कातडी फुटते. म्हणून गेल्या वर्षी मे महिन्यात हा 5.5 किलोचा, हवा बाहेर टाकणारा साधा ड्रायर घेतला. 26,500 रुपये. कंडेन्सर आणि हीट पंपवाल्यांच्या (हवा बाहेर न टाकणाऱ्या प्रकारांच्या) किमती बघूनच मागे फिरले होते. हौस म्हणून घेतलेली वस्तू नाही ही, त्यामुळे बिघडल्यावर माझा जो संताप झाला तो तुम्हाला कळेल.

आधी जुनी चूक दुरुस्त करते. पहिल्या पावसाळ्यात मी दोन तारे दिले होते आणि लिहिलं होतं की हा ड्रायर कपडे खातो, दर वेळी जाळीवर मूठभर कापूस निघतो. ते मागे घेते. त्या कापसात बरेचसे वापरून, घासून आधीच सुटलेले तंतू असतात. दोरीवर वाळवताना ते वाऱ्यावर उडून जातात, इथे जाळीत अडकतात, म्हणून दिसतात. नव्या टॉवेलांचा पहिल्या आठ-दहा वेळा जास्त निघतो, मग कमी होतो. चादरी 16 महिन्यांनंतरही शाबूत आहेत.

आता जुलैचं. वॉरंटी मे महिन्यात संपली होती. कंपनीच्या नंबरवर तक्रार नोंदवली, चौथ्या दिवशी माणूस आला. 590 रुपये व्हिजिट चार्ज. मागचं कव्हर न उघडता, दार उघडून आत हात घातला आणि म्हणाला, "मॅडम, हीटर गेलाय. 4,200 लागतील, प्लस जीएसटी. त्यापेक्षा वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट घ्या." मी विचारलं, मीटर लावून बघितलंत का? म्हणाला, या मॉडेलमध्ये हीटरच जातो. पावती दिली आणि गेला. दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या दुकानातला मेकॅनिक आणला. त्याने निदान कव्हर तरी उघडलं. म्हणाला, फ्यूज उडालाय, पार्ट मिळायला वेळ लागेल, तोवर "डायरेक्ट करून देतो", 500 द्या.

हे वाक्य लक्षात ठेवा आणि कुणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. हीटरच्या डब्यावर एक थर्मल फ्यूज असतो. तापमान धोक्याच्या वर गेलं की तो एकदाच उडतो आणि हीटरची वीज तोडतो. काही मशीनमध्ये त्याच्या जागी बटण दाबून परत चालू होणारा कटआउट असतो. डायरेक्ट करणं म्हणजे तो काढून दोन वायरी जोडून टाकणं. मशीन गरम होईल, पण पुढच्या वेळी जास्त तापलं तर अडवायला मध्ये काहीच उरणार नाही, आणि आत कोरडा कापूस असतोच. ज्या घरात एक माणूस स्वतःहून पलंगावरून उठू शकत नाही, त्या घरात हे करून द्यायला कुणी 500 रुपये मागतो, याचा मला आजही राग येतो.

शेवटी आमच्या इस्त्रीवाल्याने एका काकांचा नंबर दिला. ते जुन्या वॉशिंग मशीनची कामं करतात. आल्या आल्या त्यांनी मशीनकडे बघितलंच नाही. विचारलं, "ताई, याची हवा कुठून बाहेर जाते?"

ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या वर ड्रायर आणि मागून चार इंची पन्हाळीदार पाइप ग्रिलबाहेर. काकांनी पाइपाच्या तोंडाशी हात धरला, मला धरायला लावला. ड्रम फिरत असताना तिथे हवा जवळजवळ नव्हतीच. मार्चमध्ये आम्ही कबुतरांसाठी जाळी लावून घेतली होती. जाळीवाल्या मुलाने आपणहून सांगितलं होतं, "पाइपाच्या तोंडालाही लावून देतो ताई, नाहीतर आत घरटं करतील," आणि मच्छरांच्या जाळीचा उरलेला तुकडा तारेने बांधून दिला होता. चांगल्या मनाने केलं होतं त्याने. पण मशीनच्या जाळीतून निसटलेला बारीक कापूस त्या जाळीवर बसत गेला, पावसाच्या झडीने भिजला, गरम हवेने वाळला, परत भिजला. काकांनी काढला तेव्हा नमद्यासारखी जाड चकती निघाली. शिवाय बसवणाऱ्या माणसाने पाइप न कापता तसाच सोडला होता. त्याची मागे झोळी झाली होती आणि झोळीत पेलाभर पाणी साचलं होतं.

मग हिशोब लागला. हवा बाहेर पडत नाही, हीटरच्या डब्यात उष्णता कोंडते, फ्यूज उडतो. हीटर शाबूत होता. प्लग काढून, वायर सोडवून काकांनी मीटर लावला, 28 ओहम. 230 व्होल्टवर 1,900 वॅटच्या हीटरचा रोध तेवढाच यायला हवा. फ्यूजचे 350, मजुरी 400, आणि झोळी निघेल एवढा पाइप कापून सरळ केला. फ्यूज बदलून पाइप तसाच ठेवला असता तर नवा फ्यूजही उडालाच असता. फ्यूजसकट 4,200चा नवा हीटर घातला असता तर तोही त्याच कोंडलेल्या हवेत तापला असता, हे त्या पहिल्या माणसाला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

म्हणून हा अनुभव लिहायला बसले तेव्हा मशीनला एक तारा द्यायचा होता, तो आता देत नाही. मशीनने स्वतःला आणि आम्हाला वाचवलं. राग आहे तो सर्व्हिसवर, आणि बसवताना पाइपाबद्दल एक शब्दही न बोलणाऱ्यावर.

मशीन सहा आठवडे सांगत होतं हेही कबूल करायला हवं. मी विजेच्या मीटरचं रीडिंग घेते. आमच्याकडे महावितरण आहे आणि 300 युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटांचा दर चढतो, त्यामुळे सवय आहे. गेल्या वर्षी तीन किलोच्या लोडला 75 मिनिटं आणि 2.1 युनिट लागायचे. या जूनमध्ये 100 मिनिटं झाली, मग 130 आणि 3.4 युनिट. मला वाटलं, पाऊस आहे, हवाच दमट, वेळ लागणार. हा समज चुकीचा आहे. 28 अंशांची, 90 टक्के आर्द्रतेची हवा 60 अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता 20 टक्क्यांच्या खाली येते. पावसाळ्यात थोडा फरक पडतो, दुप्पट वेळ लागत नाही. त्याच कपड्यांना वेळ वाढत चालला तर हवा अडली आहे असं धरा. महिन्याला 25 लोड म्हणजे 32 युनिट मी फुकट जाळले, तेही वरच्या दराने.

युनिटांवरून एक सांगते. एक लिटर पाण्याची वाफ करायला आमच्यासारख्या साध्या ड्रायरला कमीत कमी दोन तृतीयांश युनिट लागतंच, हीट पंपवाले सोडले तर त्यात कुठलीच कंपनी सूट देत नाही. बचत होते ती वॉशिंग मशीनमध्ये. मी स्पिन मिनिटाला 800 फेऱ्यांवर ठेवायचे, आता सुती कपड्यांना 1000. निथळून निघालेलं पाणी फुकटात जातं, ड्रायरमध्ये गेलेल्या पाण्याचे पैसे पडतात.

बाकी छोट्या तक्रारी. ऑटो प्रोग्रॅम कपडे ओले असतानाच थांबायचा. ड्रमच्या तोंडाशी धातूच्या दोन पट्ट्या असतात, त्या कपड्यांचा ओलावा ओळखतात, आणि सॉफ्टनरचा पातळ थर त्यांच्यावर बसतो. व्हिनेगर लावलेल्या फडक्याने पुसल्यावर सुधारला. तोच थर कापसाच्या जाळीवरही बसतो. जाळी नळाखाली धरा, पाणी वरच साचून राहिलं तर साबणाने आणि मऊ ब्रशने धुवा, पूर्ण वाळवून मगच लावा. आप्पांच्या कपड्यांना सॉफ्टनर मी बंदच केलाय. चादरीच्या पोटात उशीचे अभ्रे गुंडाळून मध्ये ओला गोळा राहतो, त्यावर उपाय एकच, अर्ध्यात थांबवून चादर झटकून परत टाकणे. शेजारणीकडे याच मशीनची मोटर घुमायची पण ड्रम फिरत नव्हता. हाताने अगदी हलका फिरला तर समजा पट्टा तुटला, तिचा तुटलाच होता.

प्लगकडेही बघा. आमचा पहिल्या महिन्यात तपकिरी पडला, कारण सॉकेट जुना आणि सैल होता. नवा 16 अँपिअरचा पॉइंट काढून घेतला. एक्स्टेन्शन बोर्डवर ड्रायर लावू नका.

आणि तेल. आप्पांना रोज तिळाच्या तेलाने मालीश होते. त्या टॉवेलांचं तेल धुऊनही पूर्ण जात नाही. तेलकट कापड ड्रायरमध्ये तापून नंतर ढिगात पडलं की आतल्या आत आणखी तापत जातं आणि पेटू शकतं. मॅन्युअलमध्ये ही सूचना बारीक अक्षरात आहे, मी ती सहाव्या महिन्यात वाचली. मालिशीचे टॉवेल आता फक्त दांडीवर. शेवटची दहा मिनिटं मशीन गार हवा सोडतं, तीही घाईने तोडू नका. तोडलीच तर कपडे लगेच पसरून टाका.

पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून ग्रिलला प्लास्टिक लावणाऱ्यांनी पाइपाचं तोंड प्लास्टिकच्या बाहेरच काढा. आमचं एकदा आत राहिलं होतं. स्वतःचीच ओली हवा मशीन परत ओढून घेत होतं आणि भिंतीला बुरशी धरली.

तोंडावर आता मच्छरजाळी नाही, हलकी झडप आहे. हवा आली की उघडते, बंद झाली की मिटते, कबुतर शिरत नाही. दर पंधरा दिवसांनी मी स्टुलावर चढून झडपेच्या पात्यांवरचा कापूस जुन्या टूथब्रशने काढते आणि कालनिर्णयावर दुधाच्या खाड्याशेजारी तारीख टाकते. कंपनीला 590 रुपये परत मागणारा मेल ऑगस्टच्या 4 तारखेला केलाय, उत्तर नाही, तिसरी आठवण काल पाठवली.

आज सकाळची नोंद: चार चादरी, दोन लुंग्या, 74 मिनिटं, 2.0 युनिट.