गोदाम, डेटा सेंटर की रसायनांचा कारखाना: शेजारी कोण परवडेल?

घर बघायला जाता, घर आवडतं, आणि खिडकीतून पत्र्याचं कुंपण घातलेला एक भलामोठा मोकळा प्लॉट दिसतो. तिथे काय येणार म्हणून विचारलं तर उत्तर मिळतं, "काहीतरी इंडस्ट्रियल आहे, पण पोल्यूशन नाही हो." किंवा घर तुमचंच असतं, वीस वर्षांचं, आणि त्या प्लॉटवर आज सकाळी जेसीबी येऊन उभा राहिलेला असतो. दोन्ही वेळा ठरवायचं एकच असतं, इथे राहायचं की नाही.

"पोल्यूशन नाही" यातून काहीच कळत नाही. आपण सगळेच चिमणी शोधतो. दिसली की नको म्हणतो, नाही दिसली की निर्धास्त होतो. त्यापेक्षा दोन वह्या घाला. एकीत रोजचा त्रास लिहा: झोप, धूर, वास, रस्ता. दुसरीत एखाद्याच दिवशी येणारं संकट: आग, स्फोट, वायुगळती. पहिल्या वहीत गुणी दिसणारा शेजारी दुसऱ्या वहीत सगळ्यात वाईट निघू शकतो, आणि उलटही होतं. दोन्ही हिशेब एकाच पानावर मांडले की माणूस नको त्याला घाबरतो आणि ज्याला घाबरायला हवं त्याच्या शेजारी घर घेतो.

तुलनेसाठी तिघे घेतो: मोठं माल-वितरणाचं गोदाम, डेटा सेंटर (इंटरनेटवरची माहिती साठवणाऱ्या, चोवीस तास चालणाऱ्या संगणकांची इमारत) आणि रसायनं बनवणारा किंवा वापरणारा कारखाना.

रात्र कशी जाते

सुरुवात रात्रीपासून करतो, कारण घर मुळात झोपायला असतं.

गोदामाची इमारत गप्प असते. आवाज करतात ते ट्रक, आणि तेही इंजिनाने कमी, बाकीच्या गोष्टींनी जास्त. अशा एका गोदामाच्या मागच्या बाजूला मी तीन वर्षं राहिलो आहे. क्रम ठरलेला असायचा. आधी एअर ब्रेकचा फुस्स, मग रिव्हर्सचं टीं-टीं-टीं, मग डॉकवर, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या ओट्यावर, लोखंडी पाट आपटल्याचा धडाम, आणि शेवटी शटर. पहिल्या आठवड्यात मी ट्रक मोजले. नंतर मोजणं सुटलं, पण फुस्स झालं की आता टीं-टीं येणार हे झोपेतसुद्धा कळायचं आणि त्याच्या आधीच जाग यायची. तक्रार केली तेव्हा आवाजाची रात्रीची सरासरी काढून दाखवण्यात आली. सरासरी उत्तम होती. रात्रीतले बारा धडाम सरासरीत विरघळून जातात, झोपेत विरघळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये युरोपसाठी रात्रीच्या आवाजाची ४० डेसिबलची मर्यादा सुचवली, तीही घराबाहेरची वर्षभराची सरासरीच आहे. म्हणून गोदामाच्या बाबतीत सरासरी विचारू नका. रात्री अकरा ते सहा किती गाड्या येणार, ते विचारा. रिव्हर्सच्या टीं-टींऐवजी खरखरीसारखा आवाज देणारे अलार्म मिळतात, ते लांबवर इतके टोचत नाहीत. ते लावणार का, हेही विचारा.

डेटा सेंटरचा त्रास याच्या अगदी उलट्या जातीचा. तिथे धडाम नाही, अखंड घूं आहे. कूलिंगचे पंखे चोवीस तास फिरतात, आणि उन्हाळ्यात, म्हणजे तुम्ही खिडक्या उघड्या टाकता तेव्हा, जास्तच जोरात. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झवर गुणगुणतो. असा खर्जातला आवाज भिंतीला आणि काचेला फारसा जुमानत नाही. खिडकी बंद केली की वरच्या पट्टीतले आवाज बाहेर राहतात आणि घूं उलट जास्त स्पष्ट ऐकू येतं. त्यातून आवाज मोजायची नेहमीची 'ए' पद्धत खर्जाला मुद्दाम कमी वजन देते, कारण आपल्या कानालाही तो कमी ऐकू येतो. त्यामुळे अहवालात सगळं मर्यादेत आणि इकडे तुमचं डोकं भणभणलेलं, असं होऊ शकतं. 'सी' पद्धतीने मोजलेले आकडे मागा. दोन्हींतला फरक मोठा असेल तर खर्ज आहे असं समजा.

रसायनांचा कारखाना या बाबतीत बहुतेकदा वाटतो त्यापेक्षा शांत. काँप्रेसर आणि कूलिंग टॉवर असतात, कधीतरी सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून वाफ सुटते तेव्हा विमान डोक्यावरून गेल्यासारखं होतं. पण ते रोज नाही.

अंतराचा हिशेबही तिघांसाठी सारखा नसतो. एका जागी बसलेल्या यंत्राचा आवाज मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबलने उतरतो. सतत वाहत्या रस्त्याचा मात्र ३ डेसिबलनेच. पंख्यांचा आवाज १०० मीटरवर ५६ डेसिबल असेल तर ४०० मीटरवर ४४ होतो. १०० मीटरवर तितकाच आवाज करणारा गजबजलेला रस्ता ४०० मीटरवर अजून ५० वर असतो. म्हणजे डेटा सेंटरपासून लांब सरकल्याचं फळ पटकन मिळतं, ट्रकच्या रस्त्यापासून सरकल्याचं निम्मंच. शिवाय निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची ऊबदार असते, तेव्हा आवाज वरून वाकून परत खाली येतो. लांबच्या रेल्वेची शिट्टी रात्रीच ऐकू येते ती त्यामुळे. दुपारी घर बघून आवाजाचा निर्णय घेणं म्हणजे मुलगी न बघता पत्रिका बघून लग्न ठरवणं.

नाकाशी काय येतं

उंच चिमणीतला धूर वर जाऊन पसरतो आणि पातळ होतो. तो निरुपद्रवी होतो असं नाही, पण चिमणी बांधतात त्यासाठीच. ट्रकचा धूर सुटतो आपल्या गुडघ्याशी, म्हणजे लहान मुलाच्या नाकाशी. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये पहिल्या गटात नोंदवलं. मोठ्या रस्त्यालगत ३०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात वाहनांच्या धुराचा परिणाम सर्वाधिक धरला जातो. पीएम २.५ या बारीक कणांसाठी याच संघटनेची २०२१ पासूनची शिफारस आहे वार्षिक सरासरी ५ मायक्रोग्रॅम आणि दिवसाची १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. शहरी भागात ती आधीच ओलांडलेली असते, आणि गोदाम त्यात भर घालतं. चिमणी नसलेलं गोदाम रोजच्या हवेपुरतं चिमणीवाल्या कारखान्यापेक्षा वाईट ठरू शकतं, यावर लोकांचा पटकन विश्वास बसत नाही.

रसायनांच्या कारखान्याचा रोजचा त्रास म्हणजे वास. तो चिमणीतूनच येतो असं नाही. पाइपांचे जोड, व्हॉल्व्ह, पंपांची सीलं, सांडपाण्याच्या उघड्या टाक्या यांतून थोडं थोडं निसटत राहतं. संध्याकाळनंतर आणि थंडीत वास वाढला की "रात्री गुपचूप सोडतात" असं म्हटलं जातं. कधी ते खरंही असतं. पण तेवढंच सोडलं तरी गार हवेचं झाकण जमिनीवर बसलं की वास वर जाऊ शकत नाही, हेही खरं आहे. वास म्हणजे धोका आणि वास गेला म्हणजे धोका गेला, हे समीकरण तर सोडूनच द्या. सडक्या अंड्यांसारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास पोचला की नाकच बधिर करतो. वास थांबतो आणि वायू तिथेच असतो.

डेटा सेंटरकडून हवेला होणारा त्रास त्याच्या डिझेल जनरेटरपुरता. ते चाचणीसाठी अधूनमधून थोडा वेळ चालतात. पण जिथे वीज वारंवार जाते तिथे हा 'थोडा वेळ' ताणला जातो, आणि मोठ्या केंद्रात असे जनरेटर डझनांनी असतात.

पाणी आणि रस्ता

डेटा सेंटरला पहिलं विचारायचं ते कूलिंग पाण्यावर की हवेवर. पाण्याचं बाष्प करून थंडावा मिळवणाऱ्या पद्धतीत पाणी भरपूर लागतं. हवेवरची पद्धत पाणी वाचवते, पण पंखे आणि वीज वाढवते. तुमच्याकडे टंचाई असेल तर तुम्ही हवेची मागणी कराल आणि मग आवाजाची तक्रारही तुम्हीच कराल. दोन्ही फुकट मिळत नाही.

गोदाम पाणी पीत नाही, ते सोडतं. १ हेक्टर छतावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५ लाख लिटर पाणी होतं, आणि पूर्वी त्यातलं बरंचसं जिथल्या तिथे मुरायचं. आता ते कुठे जाणार? सखल बाजूला तुमची सोसायटी असेल तर उत्तर तुम्हाला माहीत आहे. रसायनांच्या कारखान्याबाबत एकच काम करा. बांधकाम सुरू व्हायच्या आधी आपल्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या आणि तारखेसकट अहवाल जपून ठेवा. पुढे भूजल बिघडलं तर "हे आधीपासूनच असं होतं" या वाक्याला दुसरं उत्तर नसतं.

रस्त्याच्या झिजेचा ढोबळ नियम असा की ती आसावरच्या वजनाच्या चौथ्या घातानुसार वाढते. १ टनाच्या आसाच्या तुलनेत १० टनांचा आस साधारण दहा हजारपट. खड्डे आपल्या मोटारींमुळे पडत नाहीत. इथे गोदाम हरतं, डेटा सेंटर जिंकतं, कारखाना मधे कुठेतरी. फक्त त्याच्याकडे येणारे टँकर काय वाहून आणतात हा प्रश्न दुसऱ्या वहीत जातो.

दुसरी वही

१९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरमधल्या रात्री भोपाळमध्ये सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट सुटला. ते कारखान्याचं अंतिम उत्पादन नव्हतं, कीटकनाशक बनवताना मधल्या टप्प्यावर लागणारं रसायन होतं आणि टाकीत साठवून ठेवलेलं होतं. म्हणून "इथे काय बनतं" यापेक्षा "इथे एका वेळी काय आणि किती साठतं" हा प्रश्न जास्त कामाचा. हा वायू हवेपेक्षा जड. क्लोरीनही हवेच्या अडीचपट जड. जड वायू पाण्यासारखा उताराने वाहतो आणि सखल भागात साचतो. एकाच कारखान्यापासून सारख्याच अंतरावरची टेकाडावरची आणि ओढ्याकाठची घरं त्या रात्रीपुरती दोन वेगळ्या गावांत असतात.

पण ही वही फक्त कारखान्याची नाही. ४ ऑगस्ट २०२० ला बैरूतच्या बंदरात स्फोट होऊन दोनशेहून जास्त माणसं गेली, तो एका गोदामात झाला. तिथे २,७५० टन अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं पडून होतं. नेदरलँड्समधल्या एन्स्खेडेत १३ मे २००० ला फटाक्यांच्या साठ्याने पेट घेतला आणि लगतची अख्खी वस्ती उद्ध्वस्त झाली, २३ मृत्यू. गोदाम म्हणजे चार भिंती आणि छप्पर, धोका आतल्या मालाचा. आणि माल भाडेकरूबरोबर बदलतो. आज कपड्यांची खोकी, उद्या रंग आणि थिनर, परवा बॅटऱ्या. कारखान्यात निदान काय आहे ते वर्षानुवर्षं तेच असतं आणि ते सांभाळायला शिकलेली माणसं असतात.

डेटा सेंटर या वहीत सगळ्यात बरं. डिझेलचा साठा आणि लिथियम बॅटऱ्यांची आग एवढे दोन धोके. अशा बॅटऱ्यांच्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतो, तेव्हा बघायला जवळ जायचं नाही.

मग कोण?

नोकऱ्यांचा मुद्दा कुणीतरी काढणारच. गोदाम भरपूर हातांना काम देतं, बहुतेक पाळीचं आणि कंत्राटी. कारखाना कमी पण शिकलेल्या हातांना. डेटा सेंटर बांधताना गर्दी असते, बांधून झालं की एवढ्या मोठ्या इमारतीत मोजकी माणसं उरतात. आपल्या घरातलं कुणी तिथे लागणार नसेल तर हा मुद्दा निर्णयात धरू नका.

घरात दम्याचा पेशंट किंवा तान्हं मूल असेल तर तिघांत गोदाम आधी बाद, निदान त्याच्या ट्रकच्या रस्त्यावरचं घर तरी. घरून काम असेल, कान हळवे असतील, तर डेटा सेंटरपासून तीन-चारशे मीटर तरी लांब, आणि पंख्यांच्या बाजूला नकोच. घर सखल भागात आणि तळमजल्यावर असेल, वारा वर्षातले बरेच महिने कारखान्याकडून तुमच्याकडे वाहत असेल आणि आत जड विषारी वायूचा साठा असेल, तर किंमत कितीही पाडून मिळाली तरी मी घेणार नाही. साठा छोटा असेल, सायरनची चाचणी ठरल्या दिवशी होत असेल आणि सायरन वाजल्यावर काय करायचं हे वस्तीतल्या शाळेला माहीत असेल, तर मी गोदामापेक्षा हा कारखाना पत्करेन. काँक्रीट कालवणारा प्लांट येणार असेल तर तुलनेच्या भानगडीत पडू नका. धूळही त्याची, ट्रकही त्याचे. शक्य असेल तिथे वर्षभर भाड्याने राहून बघा.

आणि प्लॉटवर अजून वीटही लागली नसेल, तर मंजूर नकाशा मिळवून त्यात आधी गेट शोधा. मी ज्या गोदामामागे राहायचो त्याच्या दुसऱ्या अंगाला, भिंतीपासून साठेक मीटरवर, माझा एक मित्र राहायचा. माझ्यापेक्षा जवळ. तीन वर्षांत त्याची एकदाही झोपमोड झाली नाही, कारण डॉक आणि गेट दोन्ही माझ्या बाजूला होते.