स्नोमोबाईलच्या वायरिंगसाठी घेतलेला मल्टिमीटर: पाच महिन्यांच्या वापरानंतर

मल्टिमीटर (व्होल्टेज, रोध वगैरे मोजायचं हातातलं यंत्र) नोव्हेंबरमध्ये घेतला, आता मार्च संपत आलाय. साधाच आहे: आपोआप रेंज बदलणारा, कंटिन्युइटीला (जोडणी अखंड असली की) बीप देणारा, कमीतकमी आणि जास्तीतजास्त आकडा लक्षात ठेवणारा. हा मी स्नोमोबाईलसाठी (बर्फावर चालणाऱ्या गाडीसाठी) घेतला होता, म्हणून त्या कामापुरतंच लिहितो.

घ्यायचं कारण म्हणजे सेल्फ. बटण दाबलं की खट्ट आवाज यायचा, इंजिन जेमतेम अर्धा फेरा घ्यायचं आणि थांबायचं. मागच्या हिवाळ्यात याच दुखण्यावर मी नवी बॅटरी टाकली होती. चार दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. यंदा आधी मीटर लावला. बॅटरी १२.७ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. इथेच माझी मागच्या वर्षी फसगत झाली असती, कारण लोड नसताना आकडा चांगलाच दिसतो. एखादी वायर आतून एका धाग्यावर लटकत असली तरी मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसतं, कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. सेल्फला मात्र भरपूर करंट लागतो, आणि तो त्या एका धाग्यातून जात नाही.

म्हणून मोजायचं ते सेल्फ मारताना. एक प्रोब (मीटरच्या वायरचं टोक) बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर (क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशाच्या खुंटावर), दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि बटण दाबायचं. अर्थ (इंजिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी तार) ठीक असेल तर इथे ०.२-०.३ व्होल्टच्या वर काही दिसू नये. माझ्याकडे ३.४ आला. म्हणजे सेल्फच्या वाट्याचे जवळजवळ साडेतीन व्होल्ट अर्थच्या तारेतच जिरत होते. बोल्ट उघडला तर वॉशरखाली पांढरी-हिरवी बुरशी चढावी तसा गंज. पॉलिश पेपरने घासला, ग्रीस लावून घट्ट आवळला, आणि पुन्हा मोजलं तर ०.१५. बॅटरी तीच, सेल्फही तोच. त्या दिवसापासून एकदाही अडला नाही. या एका चाचणीपुरता जरी मीटर वापरला असता तरी पैसे वसूल झाले असते.

दुसरं दुखणं जानेवारीतलं. डावीकडे वळलं की इंजिन बंद, हँडल सरळ केलं की पुन्हा सुरू होणार. माझ्या मशीनमध्ये किल स्विचची (इंजिन झटकन बंद करायच्या बटणाची) वायर अर्थला टेकली की स्पार्क बंद होतो. काही मशीनमध्ये नेमकं उलट असतं, तेव्हा आपल्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम आधी बघावा. कनेक्टर सोडवला, मीटर बीपवर ठेवला, एक प्रोब त्या वायरला आणि दुसरा फ्रेमला. इथे शांतता हवी. हँडल हळूहळू डावीकडे नेलं आणि शेवटच्या दोन बोटांच्या अंतरात बीप वाजला. स्टीअरिंगच्या दांड्याला घासून वायरचं प्लास्टिक नखाएवढं सोललं गेलं होतं. वायरचा जुडगा दांड्याजवळून जातो तिथे नजर टाकाच. हँडल हजारो वेळा फिरतं आणि घासायची जागा तीच असते.

चार्जिंगच्या दोषाने मात्र जीव काढला. गाडी सुरू केल्यावर बॅटरीवर १४.२ व्होल्ट, आणि पाऊण तास चालवली की १२.३. स्टेटर (इंजिनवर वीज तयार करणाऱ्या गुंडाळ्या) की रेग्युलेटर (ती वीज योग्य व्होल्टेजला आणून बॅटरीला देणारा भाग)? थंड इंजिनवर स्टेटरच्या तिन्ही पिवळ्या वायर सोडवून ओहम मोजले तर सगळं ठीक, अर्थलाही कुठे टेकलेलं नाही. या मीटरची पहिली मर्यादा इथे कळली: नुसते प्रोब एकमेकांना टेकवले तरी तो ०.२ ओहम दाखवतो, आणि स्टेटरच्या वायंडिंगचा (गुंडाळीचा) रोधही असतो त्याच्याच आसपास. इतक्या बारीक आकड्यावर भरवसा ठेवून महागडा भाग बदलू नये. खरं उत्तर एसी व्होल्टेजने दिलं. इंजिन तापल्यावर, एकाच आरपीएमला, दोन-दोन वायरींमध्ये मोजलं: एका जोडीला ३१, बाकी दोन जोड्यांना १३-१४. थंडपणी तिन्ही सारखे होते. मुद्दा आकडा किती याचा नाही, तिन्ही सारखे हवेत याचा. तापल्यावर एक फेज (तीनपैकी एक गुंडाळी) बसत होती. स्टेटर बदलला, आता तासाभरानंतरही १४ च्या वरच असतं. (हे मोजताना मशीनचा मागचा भाग भक्कम स्टँडवर असावा आणि ट्रॅकच्या (बर्फावर फिरणाऱ्या रबरी पट्ट्याच्या) मागे कोणीही उभं राहू नये. ट्रॅकखालून बर्फाचा खडा गोळीसारखा उडतो.)

मीटरबद्दलच्या तक्रारी. उणे २० च्या खाली स्क्रीनवरचे आकडे सावकाश बदलतात, जुना आकडा नव्यावर सावलीसारखा राहतो. आतला सेलही गारठतो. मी आता तो जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवतो आणि मोजायच्या वेळीच बाहेर काढतो. सोबत आलेल्या वायर थंडीत काठीसारख्या ताठ होतात, सिलिकॉनच्या घ्याव्यात. स्क्रीनचा दिवा पंधरा सेकंदांत विझतो, आणि संध्याकाळी हातमोज्यांनी ते बटण सापडत नाही. इंजिन चालू असताना आकडे वेडेवाकडे उडायला लागले तर मीटरला दोष देण्याआधी स्पार्क प्लग बघा. माझ्या मशीनला रेझिस्टरवाला (स्पार्कचा विद्युत गोंगाट दाबणारा) प्लग लागतो, कोणीतरी साधा बसवला होता. योग्य प्लग टाकताच आकडे स्थिर झाले.

एक चूक मीही केली. सुरुवातीला प्रोबचं टोक वायरच्या प्लास्टिकमध्ये खुपसून मोजायचो. त्या भोकांतून बर्फाचं पाणी आत गेलं आणि महिन्याभरात हेडलाइटची एक वायर आतून काळी पडली. आता कनेक्टरच्या मागच्या बाजूने बारीक टाचणी सरकवून मोजतो, आणि कनेक्टर परत जोडताना त्यात डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं, पाणी अडवणारं) भरतो. फ्यूजही काढून उजेडात बघत बसत नाही. फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन ठिपके असतात, सर्किट चालू ठेवून, दुसरा प्रोब अर्थला लावून, दोन्हींवर व्होल्टेज आलं तर तो शाबूत.

अंगठ्याच्या हीटरचं काम अजून बाकी आहे. जोडलेला असताना त्याला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात, तरी तो कोमटच राहतो, म्हणजे एलिमेंटच गेलंय असं दिसतं. थ्रॉटलचा लिव्हर उघडावा लागेल. बर्फ उतरल्यावर.