चाकावरच्या खोलीत अकरा महिने

आमचं मूळ घर कोल्हापूरजवळच्या चिखलीत, पंचगंगेच्या प्रयाग संगमाजवळ. हा भाग ज्यांच्या ओळखीचा आहे त्यांना पुढचं वेगळं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घरात पाणी शिरलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला घरातला गाळ उपसताना यांनी खोरं भिंतीला टेकवलं आणि म्हणाले, "आता ह्या भिंतींची डागडुजी नको. माळावर जाऊ."

माळ म्हणजे जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला वडिलार्जित पावणेदोन एकर. वरची बाजू मुरमाड, खाली थोडी काळी जमीन. पण तिथं पक्कं घर बांधायला मन होईना. जमीन भावकीत सामाईक, वाटप व्हायचं आहे. उद्या आमच्या वाट्याला कुठला तुकडा येईल ते ठाऊक नाही. म्हणून हलवता येईल अशी केबिन. हे कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न मेकर, म्हणजे ओतकामासाठी लागणारे नमुने बनवणारे, होते, चाळीस वर्षं फौंड्रीत गेली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. दोघंही आता घरी.

केबिन २० फूट बाय ८ फूट. लोखंडी सांगाडा, ५० मिलिमीटर जाडीच्या पफ पॅनेलच्या (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या) भिंती, खाली प्लायवूड आणि वर व्हिनाइल. चाकांसाठी ऊसवाहतुकीच्या ट्रॉलीचा जुना आस घेऊन खाली बसवून घेतला. सगळं मिळून आम्हाला साडेचार लाखांच्या आसपास पडली. मार्गशीर्षात राहायला आलो, आता कार्तिक संपत आलाय. तिन्ही ऋतू बघून झाले, म्हणून लिहायला बसले.

आधी उन्हाळा, कारण आम्ही सगळ्यात जास्त तिथं चुकलो. पफ पॅनेल असलं की आत गार राहतं असं बनवणाऱ्यानं सांगितलं होतं. भिंती खरंच तापत नाहीत. पण छताला त्यानं नुसता साधा पत्रा आणि खाली पातळ पीओपी दिलं होतं, आणि ते आमच्या ध्यानात आलं नाही. चैत्रात जोतिबाची यात्रा झाली, सासनकाठ्या (देवाच्या मानाच्या उंच काठ्या) आमच्या बांधावरून गेल्या. त्या आठवड्यात दुपारी बारा ते पाच आत बसवत नव्हतं. शेवटी यांनी पाइप उभे करून केबिनच्या वर एक फूट मोकळी जागा सोडून दुसरं छप्पर टाकलं, चारी बाजूंनी दोन-दोन फूट बाहेर काढलं. त्यावर उसाचा पाला अंथरला, दोरीनं बांधला. दोन्ही छपरांमधून वारा खेळायला लागला आणि त्याच दिवशी फरक कळला. पाला मिरगाच्या आधी काढून टाकायचा, नाहीतर कुजतो. आणि चूल त्याच्यापासून लांब ठेवायची, वाळका पाला ठिणगीची वाट बघत असतो.

माझं ठाम मत सांगते. केबिन घेणाऱ्यानं आतल्या फर्निचरवर एक रुपया खर्च करायच्या आधी हे दुसरं छप्पर करून घ्यावं. आम्ही आत कपाटं, फळ्या, घडीचं टेबल यावर पन्नास हजार घातले. ते टेबल आजही भिंतीला मिटलेलं आहे. आम्ही आत फक्त झोपतो आणि मोठ्या पावसात बसतो. बाकी सगळं बाहेर मांडवात होतं. निवडणं, कांडणं, जेवण, आल्यागेल्याचा चहा, यांचं लाकूडकाम, सगळं तिथंच.

दुसऱ्या छपराचा दुसरा फायदा पाण्याचा. पन्हळ लावून ते पाणी हजार लिटरच्या टाकीत घेतलंय. एक मिलिमीटर पाऊस पडला की साधारण पंचवीस लिटर पाणी मिळतं, म्हणजे चाळीस मिलिमीटरला टाकी भरते. आषाढात आमच्याकडं असा दिवस वरचेवर येतो. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, पत्र्यावरची धूळ आणि पाखरांची घाण त्यात येते. पिण्याचं मी गाळून उकळून घेते. उन्हाळ्यात मात्र भावकीच्या बोअरवर अवलंबून राहावं लागतं, त्याला इलाज नाही.

विजेसाठी १६५ वॅटची दोन सोलर पॅनेल आणि १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी. साधा पंखा ७५ वॅट खातो, म्हणून २८ वॅटचा बीएलडीसी पंखा घेतला. तीन एलईडी दिवे, दोन मोबाइल, एक रेडिओ. एवढ्याला भरपूर होतं. मिक्सर, फ्रीज ठेवलाच नाही. चटणी खलबत्त्यात होते, दूध रोजच्या रोज म्हशीचं, भाजी परड्यातली. संततधार लागली की दोन दिवस बॅटरी तग धरते, तिसऱ्या दिवशी पंखा बंद करून एकच दिवा ठेवायचा. श्रावणात पंखा लागतोय कुणाला!

पावसाळ्यात खरी अडचण ओलीची. पहिल्याच वळवानं छताच्या जोडातून पाणी अंथरुणावर आलं. बनवणाऱ्याला चार वेळा फोन केला, माणूस आला तीन आठवड्यांनी, आणि त्यानं वरवर सिलिकॉन फासलं. ते पंधरा दिवसांत सुटलं. यांनीच मग जुनं सगळं खरवडून, जोड कोरडा करून नव्यानं भरला, तेव्हा थांबलं. मला याचा फार राग आला, कारण पैसे आगाऊ पूर्ण घेतले होते. तुम्ही घेत असाल तर शेवटचा हप्ता एक पाऊस होईपर्यंत हातात ठेवा.

आषाढात कपड्यांना बुरशी येते, कारण पफच्या भिंतीला श्वास नाही. मातीच्या भिंतीसारखी ती ओल पिऊन घेत नाही. समोरासमोर दोन झरोके पाडून घेतले, पलंग भिंतीपासून वीतभर पुढं ओढला, लुगडी पत्र्याच्या ट्रंकेत कडुलिंबाचा पाला घालून ठेवली. दारापाशी प्लायवूड फुगलंय ते बदलावंच लागणार. केबिनखाली जळण रचायचं नाही हेही लौकर कळलं. उंदीर आले, वायर कुरतडली, आणि उंदरामागं घोणस आली. आता खाली चौफेर जाळी मारलीय आणि मुरूम साफ ठेवतो.

संडास आत नको. आम्ही आतला कोपरा त्यासाठी काढला होता, पण वास कोंडला. आता तिथं धान्याची पिंपं आहेत. बाहेर वीस पावलांवर दोन शोषखड्ड्यांचा केला. एक भरला की दुसरा वापरायचा, पहिल्याचं वर्षा-दीड वर्षात खत होतं. पण म्हातारपणी हे वीस पाऊल रात्री महाग पडतं. चाकांमुळं केबिनचा उंबरा अडीच फुटांवर, चार पायऱ्या. माझा गुडघा दुखतो. कारखान्यातून आलेली लोखंडी शिडी काढून आम्ही दगडाच्या रुंद पायऱ्या रचल्या, बाजूला गजाचा कठडा केला. लेक पुण्याहून आली तेव्हा तिनं आधी तो कठडा हलवून बघितला, मग आत आली.

आता चाकांचं. अकरा महिन्यांत एकदाच हलवली. सुरुवातीला खालच्या काळ्या जमिनीत उभी केली होती. वळवानंतर एका बाजूची चाकं वीतभर रुतली आणि केबिन कलली. दार लागेना. ट्रॅक्टर लावून वर मुरमावर नेली, सकाळी आठला सुरुवात आणि दुपारच्या भाकरीला नव्या जागी. भांडी आतच होती, एक कप फुटला. उभी केल्यावर वजन चाकांवर ठेवू नका. खाली दगडी ठोकळे आणि जॅक देऊन टायर जमिनीपासून सुटे करा, वर गोणपाट टाका, नाहीतर उन्हानं रबर तडकतं. वळवाच्या वाऱ्यासाठी चारी कोपऱ्यांना साखळ्या आणि जमिनीत काँक्रीटचे ठोकळे. अर्थिंग करून घ्या, सगळा सांगाडा लोखंडाचा आहे आणि माळावर वीज कडाडते तेव्हा जीव मुठीत येतो.

दिवाळीच्या आधी धनगराची मेंढरं आमच्या रानात बसवली होती. त्यांच्यातली म्हातारी पायरीवर बसून सगळं न्याहाळून म्हणाली, "बाई, तुमचं बिऱ्हाड लई जड हाय." तिचं आख्खं बिऱ्हाड दोन घोड्यांवर. मी त्यानंतर आतली दोन कपाटं काढायला लावली.

यंदा श्रावणात पंचगंगा चढायला लागली. हे सवयीनं दर दोन तासांनी राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारत होते, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. वास्तविक आम्हाला आता त्याचं कारण नव्हतं. रात्री धाकट्या दिराचा फोन आला, "वहिनी, रेडेडोह फुटला." नदीकाठच्या या जागेवरून पाणी पात्राबाहेर पडलं की आमच्याकडं त्याचा अर्थ एकच, पाणी आता रस्त्यावर आणि पुढं गावात. मी म्हटलं, जनावरं घेऊन वर या. पहाटे ती पाच माणसं, दोन म्हशी आणि एक रेडकू घेऊन पोचली. बायका-पोरं केबिनमध्ये, पुरुष मांडवात, जनावरं पत्र्याच्या आडोशाला. पाच दिवस सात माणसं त्या २० बाय ८ मध्ये आणि तिच्या सावलीत राहिलो. टाकी तर रोज भरून वाहत होती. जावेनं आणि मी आळीपाळीनं भाकऱ्या थापल्या, आणि तिसऱ्या दिवशी बॅटरी संपली तेव्हा कंदील काढला.

पाणी ओसरल्यावर दीर खाली जायच्या आधी केबिनभोवती दोन फेऱ्या मारून आला. आस कुठून घेतला, किती टनाचा, ट्रॅक्टर कुणाचा, सगळं यांना विचारून घेतलं. येत्या सुगीनंतर त्याचीही केबिन आमच्या शेजारी उभी राहायची आहे. तिचं दुसरं छप्पर पहिल्या दिवसापासून असणार, आणि मांडव दोघांत एकच.