पीएनजी आयकॉन ठेवू की आयकॉन फाँट घेऊ?

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात नवीन आलेली मुलगी परवा म्हणाली, "दादा, बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधले सगळे पीएनजी काढून आयकॉन फाँट टाकू?"

पीएनजी म्हणजे ठिपक्यांचं चित्र. आयकॉन फाँट म्हणजे अक्षरांऐवजी चिन्हं असलेला फाँट. दिसण्यात फाँट सरस. प्रिंटरचं १६ पिक्सेलचं पीएनजी चिन्ह रेटिना, म्हणजे दाट पिक्सेलच्या, स्क्रीनवर धुरकट दिसतं. फाँटमधलं चिन्ह वेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांच्या गणितानं काढलेलं, कितीही ताणा. माउस नेल्यावर निळं हवं? सीएसएसची, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या कोडची, एक ओळ. पीएनजीला दुसरी फाइल. पण फाँट सहसा एकरंगी, त्यामुळे लोगो, झेंडे चित्रातच बरे.

वजनाचं म्हणाल, तर दहा चिन्हांसाठी अख्खा फाँट उतरवू नका, लागतील तेवढीच चिन्हं ठेवून छाटून घ्या.

खरी गोम बिघाडात आहे. लोकलमध्ये नेटवर्क गेलं, फाँट आलाच नाही, की कचरापेटीच्या जागी रिकामा चौकोन. गूगलच्या मटेरियल आयकॉन्स या फाँटमध्ये तर 'डिलीट' हा इंग्रजी शब्दच उमटतो, बटणाबाहेर सांडतो. चित्राला निदान ऑल्ट मजकूर, म्हणजे चित्र आलं नाही तर त्याजागी दिसणारा मजकूर, देता येतो. फाँटचं चिन्ह स्क्रीन रीडरपासून (अंधांना स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लपवून बटणाला वेगळं नाव द्यावं लागतं. हे काम हमखास राहून जातं.

एकरंगी टूलबार, बदलत्या थीम असतील तर फाँट. चिन्हं मोजकी, रंगीत असतील तर पीएनजी. कोरी पाटी असेल तर मी सरळ एसव्हीजी, म्हणजे वेक्टर चित्राची फाइल, घेईन. त्या नवीन मुलीकडे शेकडो एकरंगी बटणं होती. म्हटलं, टाक फाँट, पण आपल्याच सर्व्हरवरून.